दीडशे दिवस आणि एक कॅमेरा : छयगावच्या सिनेमाचा हिशेब

गुवाहाटीच्या पश्चिमेला कामरूप जिल्ह्यात छयगाव आहे. त्याच परिसरातलं कलरदिया हे दिग्दर्शिका रीमा दास यांचं गाव. आपल्या पहिल्या सिनेमाचं काम तिथं चालू असताना एका कार्यक्रमात त्यांना गावातल्या पोरांचा बँड दिसला. पोरांच्या हातात वाद्यं होती, पण थर्माकोलची. त्यातून सूर निघायचा प्रश्नच नव्हता. पोरं मात्र त्यात पुरती बुडालेली. याच पोरांवर सिनेमा करायचा, असं रीमा दास यांच्या मनानं तिथं घेतलं.

तो सिनेमा म्हणजे 'व्हिलेज रॉकस्टार्स'. असमिया भाषेतला, ८७ मिनिटांचा. सप्टेंबर २०१७ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. त्याच वर्षी मुंबईत मामी महोत्सवाच्या भारतीय स्पर्धेत त्याला पहिला पुरस्कार मिळाला. एप्रिल २०१८ मध्ये ६५ वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ त्याच्या नावावर होतं, शिवाय संकलन, चित्रीकरणस्थळीचं ध्वनिमुद्रण आणि बालकलाकार असे आणखी तीन पुरस्कार. असमिया सिनेमाला सुवर्णकमळ मिळालं ते दिग्दर्शक जाह्नू बरुआ यांच्यानंतर तीस वर्षांनी. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून याच सिनेमाची निवड झाली.

लेखन, दिग्दर्शन, निर्मिती, छायाचित्रण, संकलन, सगळं रीमा दास यांनी केलं. आवाजाच्या कामाला त्यांच्या नात्यातली बहीण मल्लिका दास. झालं युनिट.

मी गेली काही वर्षं तालुक्याच्या गावांमधून लघुपटाच्या कार्यशाळा घेतो. पोरंपोरी येतात ती बहुतेक शेतकरी घरातली, कुणी आयटीआय करणारं, कुणी दुकानात बसणारं. या सिनेमाचं नाव त्यांच्यापर्यंत पोचलेलं असतं ते एका वाक्यात : 'डीएसएलआरवर काढलेला सिनेमा ऑस्करला गेला.' डीएसएलआर म्हणजे लेन्स बदलता येणारा फोटोचा कॅमेरा. वाक्य खरं आहे, पण त्यातून पोरं भलताच अर्थ काढतात. त्यांना वाटतं, कॅमेरा घेतला की निम्मं काम झालं. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून सांगावंसं वाटलं. स्वस्त कॅमेऱ्यानं या बाईंना नेमकं काय दिलं, आणि काय दिलं नाही?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. त्या कॅमेऱ्यानं त्यांना वेळ दिला. पैसे वाचले ते त्याच्या ओघात.

आधीची वाट

रीमा दास कुठल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या नाहीत. त्यांचं पदव्युत्तर शिक्षण झालं आपल्या पुणे विद्यापीठात, तेही समाजशास्त्रात. हे सांगितलं की माझ्या पुण्याकडच्या पोरांचे डोळे मोठे होतात. २००३ मध्ये त्या मुंबईला गेल्या त्या अभिनेत्री व्हायला. पृथ्वी थिएटरमध्ये प्रेमचंदांच्या 'गोदान'च्या प्रयोगात काम केलं. पुढं २००९ मध्ये 'प्रथा' नावाचा लघुपट केला, मग पहिला मोठा सिनेमा. कॅमेरा, संकलन हे सगळं पाहून, करून, चुकून शिकलेलं.

मुंबईत अभिनयासाठी घालवलेली वर्षं मला या हिशेबात फार महत्त्वाची वाटतात. दुसऱ्याच्या होकारासाठी ताटकळत बसणं काय असतं हे ज्या माणसानं भोगलंय, तो स्वतःच्या हातात सगळं आलं की ते सहजासहजी सोडत नाही. आणि जिथं परत आल्या ते गाव त्यांचंच. कुठल्या वाटेवर पाणी कधी चढतं, कोणत्या बांधावर संध्याकाळी ऊन शेवटपर्यंत रेंगाळतं, कोणाच्या घरी कधी जायचं आणि कधी नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. कॅमेऱ्याआधीचं भांडवल हे.

कॅमेरा

कॅमेरा होता कॅनन ५डी. या मालिकेतलं दुसरं मॉडेल, मार्क २, सप्टेंबर २००८ मध्ये जाहीर झालं आणि कमी पैशात सिनेमा करणाऱ्यांचं जगच बदललं. मुळात हा फोटोचा कॅमेरा. त्यात व्हिडिओची सोय आली ती जोडीला, पण सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, होता ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या फोटो फिल्मच्या चौकटीएवढा. तोवर आमच्यासारख्यांच्या हातात जे हँडीकॅम होते त्यांचा सेन्सर नखाएवढा असायचा. त्यात पुढचं-मागचं सगळं एकसारखं स्पष्ट दिसायचं, आणि संध्याकाळ झाली की चित्रावर मुंग्या यायच्या. ५डीनं कमी उजेडात स्वच्छ चित्र दिलं आणि मागचं धूसर ठेवण्याची मुभा दिली. किंमत अमेरिकेत २,६९९ डॉलर, नुसत्या बॉडीची. २०१० मध्ये 'हाउस' या अमेरिकी मालिकेच्या सहाव्या हंगामाचा शेवटचा भाग याच कॅमेऱ्यावर काढला, तेव्हा टीव्हीवाल्यांनीही त्याकडे नीट पाहिलं.

खोडी पुष्कळ होत्या. फाइल चार जीबीची झाली की रेकॉर्डिंग थांबायचं, म्हणजे साधारण बारा मिनिटांनी. कॅमेरा झटकन फिरवला की उभे खांब तिरके व्हायचे. पत्र्याच्या पन्हाळ्या किंवा बारीक रेघांचा सदरा समोर आला की त्यावर इंद्रधनुषी लाटा उठायच्या. सुरुवातीला तो सेकंदाला ३० फ्रेमच द्यायचा. सिनेमाला लागणाऱ्या २४ आणि २५ ची सोय २०१० मधल्या सॉफ्टवेअर बदलानंतर आली. आवाजाचं तर विचारूच नका, त्यावर पुढं सविस्तर लिहितो.

या खोडी माहीत असणारा माणूस सिनेमा वेगळ्या रीतीनं पाहतो. 'व्हिलेज रॉकस्टार्स'मध्ये पोरं बरेचदा मोकळ्या चौकटीत, शेत, पाणी, आभाळ यांच्यासकट दिसतात. ती धावतात, झाडावर चढतात, चिखलात लोळतात. एवढ्या मोठ्या सेन्सरवर, हलत्या पोराच्या डोळ्यावर, फोकस ओढायला वेगळा माणूस नसताना फोकस धरून ठेवणं किती अवघड असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. अंतर राखलं, चौकट मोकळी ठेवली की ती अडचण निम्म्यानं कमी होते, आणि शिवाय पोरांना कॅमेऱ्याचा जाच होत नाही. ही निवड सौंदर्याची की सोयीची? मला वाटतं दोन्हींची. चांगल्या कामात हे दोन वेगळे काढता येत नाहीत.

डबे आणि दिवस

आता आकडे मांडू. ३५ एमएम फिल्मच्या हजार फुटी डब्यात साधारण ११ मिनिटं मावतात. दीडशे दिवसांच्या आसपास चित्रीकरण झालं, तेही काही वर्षांत पसरलेलं. समजा, दिवसाला फक्त ४० मिनिटांचं फुटेज काढलं. हा आकडा मी हिशेबापुरता धरतोय. दीडशे दिवसांचे झाले १०० तास. फिल्मवर याला ५४० च्या आसपास डबे लागले असते, त्यावर लॅबमध्ये धुणं, प्रिंट काढणं वेगळं. ५डी मार्क २ च्या हिशेबानं तासाला २० जीबी धरले तर १०० तासांचे दोन टीबी. म्हणजे एक हार्ड डिस्क. जपून वागणाऱ्याच्या दोन.

पण डब्यांचा खर्च वाचला, ही गोष्ट तशी वरवरची. सेटवर पैसा खरा जातो तो दिवसांवर. मराठीतला छोटा सिनेमासुद्धा वीस-पंचवीस दिवसांच्या शेड्यूलमध्ये उरकावा लागतो, कारण रोज पन्नास-साठ माणसं उभी असतात. लाइटमन, स्पॉटदादा, मेकअप, जनरेटर, गाड्या, दोन वेळचं जेवण, कलाकारांच्या तारखा. ढग आले तर निर्माता घड्याळ बघतो. पोरगं रडायला लागलं तर सहायक दिग्दर्शकाच्या कपाळावर आठ्या येतात. तिथं थांबणं म्हणजे पैसे जाळणं.

कलरदियात थांबण्याचा खर्च जवळजवळ शून्य होता. आज ऊन बरं नाही? उद्या. पोरांची परीक्षा आहे? पुढच्या महिन्यात. नदीला पाणी चढलं? कॅमेरा घेऊन निघायचं.

उजेडाचंच पाहा. आसाम देशाच्या पूर्व टोकाला, घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळं गुवाहाटीत डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि जूनमध्ये पहाटे साडेचारलाच उजाडलेलं असतं. सूर्य टेकल्यावरचा जो मऊ, सावली नसलेला उजेड असतो तो तिथं फार तर वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. मोठ्या युनिटला तेवढ्या वेळात एक शॉट लावून दोन टेक मिळाले तरी नशीब. या सिनेमात मात्र तसा उजेड पुन्हा पुन्हा भेटतो. भाताच्या खाचरात साचलेल्या पाण्यावर, बांधावरून जाणाऱ्या पोरांच्या पाठीवर. हे एका संध्याकाळचं काम असूच शकत नाही. रोज अर्धा तास, पुन्हा दुसऱ्या दिवशी अर्धा तास, असं गोळा केल्याशिवाय ते साधत नाही.

पुराचंही तेच. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात दरवर्षी पूर येतो, पिकं जातात, माणसं गुरंढोरं घेऊन उंचावर सरकतात. बाहेरून आलेल्या युनिटला पूर म्हणजे चित्रीकरण बंद, विमा, धावपळ. इथं पूर हा कथेचाच भाग होता. सिनेमातली मुख्य पोर धुनू, तिचे वडील पुरातच गेलेले. आई तिला पाण्यात पोहायला शिकवते, तो प्रसंग मी कितीदा तरी पाहिलाय. पाणी गढूळ, खरं. आईच्या हाताखाली तरंगणारी पोर घाबरते, हसते, पुन्हा घाबरते. आईचं काम करणाऱ्या बसंती दास आणि धुनू झालेली भनिता दास या दोघीही व्यावसायिक अभिनेत्री नव्हेत. टँकरनं पाणी सोडून हा प्रसंग उभा करता आला असता, पण ती भीती तशी उभी करता आली नसती.

आणि मग पोरं. कॅमेरा पहिल्यांदा पाहिलेलं पोरगं काय करतं ते प्रत्येक कार्यशाळेत मी पाहतो. एक तर ताठ होतं, नाही तर माकडचेष्टा करतं. ते विसरायला दिवस जावे लागतात. चार-पाच दिवस नव्हे, महिने. शेजारची ओळखीची बाई हातात छोटा कॅमेरा घेऊन रोजच दिसते म्हटल्यावर एक वेळ अशी येते की पोरं तिच्याकडे बघायचं सोडून देतात. या सिनेमात संवाद घोकून घेतल्यासारखे कुठंच वाटत नाहीत, याचं कारण मला त्या दिवसांमध्ये दिसतं.

वर्षं गेली की पोरं वाढतात, हा नेहमीच्या चित्रीकरणातला मोठा घोळ. आधीच्या दृश्यात दात पडलेला, पुढच्या दृश्यात आलेला. कंटिन्युटी सांभाळणाऱ्याची झोप उडते. इथं कथाच वाढण्याची होती. दहा वर्षांची धुनू पोरांबरोबर झाडांवर चढते, गिटार घेण्यासाठी पैसे साठवते, आणि मग एक दिवस न्हाण येतं. गावच्या बायका तिला आता पोरांत फिरू नको म्हणून सुनावायला लागतात, आणि आई तिच्या बाजूनं उभी राहते. काळ जाणं हा इथं कच्चा माल होता, आणि स्वस्त कॅमेऱ्यामुळं तो गोळा करणं परवडलं.

आवाज

हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण स्वस्तात सिनेमा करणारे आपण सगळे इथंच आपटतो.

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी माण तालुक्यात धनगरी ओव्यांवर एक छोटा माहितीपट करायला घेतला. उसना आणलेला डीएसएलआर, त्यावरच बसवलेला छोटा माइक. रात्रीचा कार्यक्रम, गोल धरून माणसं, मध्ये ढोल. चित्र इतकं सुंदर येत होतं की मी हरखून गेलो. घरी येऊन ऐकलं आणि हात गळून गेले. कॅमेऱ्यातली आवाजाची पातळी स्वयंचलित होती. ढोलाचा ठोका पडला की कॅमेरा घाबरून सगळा आवाज दाबायचा. त्यामागून येणारा ओवी म्हणणाऱ्या बाबांचा शब्द त्यात बुडायचा. मग हळूहळू आवाज वर चढायचा, ओवीचं शेपूट ऐकू यायचं, तोवर पुढचा ठोका. जिथं बाबा श्वास घ्यायला थांबले तिथं रातकिडे आणि लांबच्या रस्त्यावरचे डंपर छातीवर बसल्यासारखे मोठे झालेले. दोन तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये एकही ओवी अखंड हाती लागली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो तेव्हा बाबांचा आवाज बसला होता. त्यांनी हात जोडून नाही म्हटलं.

५डी मार्क २ मध्ये आवाजाची पातळी हातानं ठेवायची सोय सुरुवातीला नव्हतीच. तीही २०१० च्या त्याच सॉफ्टवेअर बदलात आली. हेडफोन लावायला भोक मिळालं ते २०१२ च्या मार्क ३ मध्ये. म्हणजे चित्र सिनेमाचं आणि कान बहिरे, अशी त्या कॅमेऱ्याची गत. उपाय सगळ्यांना माहीत आहे : वेगळा रेकॉर्डर घ्या, सुरुवातीला टाळी वाजवा, नंतर संकलनात टाळीचा फ्रेम आणि टाळीचा आवाज जुळवा. पण यासाठी एक माणूस लागतो, ज्याचं लक्ष फक्त आवाजाकडे आहे. एकट्या माणसाला फोकस, चौकट, पोरं आणि आवाज हे चारही सांभाळता येत नाही.

म्हणून या दोघींच्या युनिटमधलं दुसरं माणूस कशासाठी होतं, याकडे मी पोरांचं लक्ष वेधतो. दुसरं माणूस लाइटसाठी घेतलं नाही, मेकअपसाठी नाही, फोकससाठीही नाही. आवाजासाठी घेतलं. आणि चित्रीकरणस्थळीच्या ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार मल्लिका दास यांना मिळाला. घरातली मुलगी, हातात माइक, आजूबाजूला बेडूक, वारा, पाऊस आणि खिदळणारी पोरं. ज्या क्षेत्रात वर्षानुवर्षं स्टुडिओत डबिंग करून घ्यायची सवय, तिथं हा पुरस्कार फार मोठा आहे. मला तर या सगळ्या प्रकरणातला सर्वात शहाणा निर्णय हाच वाटतो.

एकटीनं जुळवताना

संकलनाबद्दल थोडंच. पटकथा घट्ट बांधलेली नसली की सिनेमा टेबलावर घडतो. एवढ्या दिवसांच्या फुटेजमधून ८७ मिनिटं उरवणं म्हणजे जीव लावलेल्या कितीतरी गोष्टी टाकून देणं. स्वतः काढलेलं स्वतः कापणं जास्तच कठीण, कारण तो शॉट मिळवायला चिखलात किती वेळ उभे होतो हे आठवत असतं, आणि प्रेक्षकाला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. इथं पुन्हा वेळच कामाला आला असणार. मध्ये ऋतू उलटून गेला की माणूस स्वतःच्या फुटेजकडे थोडं परक्यासारखं पाहू शकतो. संकलनाचाही पुरस्कार मिळाला, ते वर सांगितलंच.

पोरांसाठी एक जोडसूचना : हार्ड डिस्क दोन, आणि दोन वेगवेगळ्या घरांत. हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. पूर येणाऱ्या गावात काम करणाऱ्यानं तर सांगायलाच नको.

जे स्वस्त झालं नाही

आता दुसरी बाजू. या सिनेमाला 'जवळजवळ फुकटात झालेला' म्हणणारे लोक मला भेटतात तेव्हा वाईट वाटतं. दीडशे दिवस एका बाईनं तीन-चार माणसांचं काम केलं. दिग्दर्शक, छायाचित्रकार, निर्मिती सांभाळणारी. एकेका कामाची मजुरी दिवसाला अगदी २,००० रुपये धरली, जी कुठल्याही बाजारात कमीच आहे, तरी एका कामाचे तीन लाख होतात. अशी तीन कामं, मग संकलनाचे महिने, मल्लिकाचे दिवस, घरच्यांनी रांधलेलं जेवण, शेजाऱ्यांनी दिलेली अंगणं. हे सगळं शून्य धरलं म्हणून सिनेमा स्वस्त दिसतो. आपल्याकडं घरच्या बाईच्या कामाचा हिशेब जसा शून्यात धरतात, तसंच हे. हे कष्ट रीमा दास यांनी स्वतःच्या इच्छेनं उचलले, 'फ्लाइंग रिव्हर फिल्म्स' या स्वतःच्या संस्थेतून सिनेमा केला, त्यामुळं तो त्यांच्या मालकीचा राहिला. पण कुणी तरुण दिग्दर्शक मित्रांना 'नंतर बघू' म्हणून वर्षभर फुकट राबवणार असेल, तर त्यानं या सिनेमाचा दाखला देऊ नये.

दुसरं, कॅमेरा स्वस्त झाला तरी सिनेमागृहाची वाट स्वस्त झाली नाही. रंग जुळवणं, पडद्यामागच्या आणि बाजूच्या स्पीकरसाठी आवाज बांधणं, सेन्सॉरचं प्रमाणपत्र, सबटायटल, डीसीपी म्हणजे थिएटरात लावायची डिजिटल प्रत, महोत्सवांची प्रवेश फी, आणि मग डिजिटल प्रक्षेपण करणाऱ्या कंपन्यांना थिएटरमागं मोजावे लागणारे पैसे. एकेक आकडा लहान, बेरीज मात्र कॅमेऱ्याच्या कितीतरी पट. सिनेमा २८ सप्टेंबर २०१८ रोजी देशात प्रदर्शित झाला तोवर टोरांटो, मामी, सुवर्णकमळ आणि ऑस्करची निवड, एवढं सगळं पाठीशी होतं. आसामात चित्रपटगृहं मुळातच थोडी. हा शिक्का नसता तर तो किती पडद्यांवर लागला असता? आणि ऑस्करला निवड झाल्यावर तिकडे मतदारांना सिनेमा दाखवणं, जाहिरात करणं, त्यासाठी पैसा उभा करणं, ही वेगळीच लढाई. तिथं डीएसएलआरचा काही उपयोग नाही.

म्हणून कुणी एक लाख रुपये घेऊन आलं आणि विचारलं की काय करू, तर मी सांगतो : कॅमेरा वापरलेला घे, तीस हजारांत बरा मिळतो. पंधरा हजार माइक-रेकॉर्डरला. उरलेले हलवू नकोस, चित्रीकरण संपल्यावर लागतील. बहुतेक जण ऐकत नाहीत, नवा कॅमेरा घेतात.

आपल्याकडचा एक नमुना

कलरदियासारखं गाव आणि चार वर्षांची मोकळीक सगळ्यांना नसते, हे मान्य. वेळ वेगळ्या रीतीनंही काढता येतो. अमोल गुप्ते यांचा 'स्टॅन्ली का डब्बा' मे २०११ मध्ये आला. मुंबईतली शाळा, शाळेतलीच पोरं. कॅमेरा कॅननचा ७डी, म्हणजे ५डीचा धाकटा, स्वस्त भाऊ. छायाचित्रण आपल्या अमोल गोळे यांचं. चित्रीकरण शनिवारी, कार्यशाळेसारखं, चार-पाच तास, असं जवळपास दीड वर्ष. एकाही पोराची शाळा बुडवली नाही. जिम्मी जिब म्हणजे कॅमेऱ्याची क्रेन, ट्रॉली, दिव्यांच्या गाड्या असा पसारा वर्गात मांडला असता तर शनिवार-शनिवार करून सिनेमा होऊच शकला नसता. कॅमेरा पिशवीत मावत होता म्हणून तो वर्गात बाकांमधून फिरू शकला.

माझ्या कार्यशाळेतल्या पोरांना हा नमुना जास्त जवळचा वाटतो. गेल्या खेपेला सांगोल्याकडची एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्याकडं डाळिंबाचा बहार धरल्यापासून माल निघेपर्यंत सहा महिने लागतात. आईला तेवढे दिवस रविवारी-रविवारी काढलं तर?" मी तिला कॅमेऱ्याबद्दल एक शब्द बोललो नाही. वहीत बहाराच्या तारखा लिहायला सांगितल्या : पाणी तोडतात तो दिवस, पानगळ, पहिलं पाणी, कळी, फवारण्या, व्यापारी येतो तो दिवस. आणि आईच्या ओढणीत लपेल असा माइक कुठून आणायचा ते शोधायला सांगितलं. फोनवर काढ म्हटलं. तिच्या फोनचा कॅमेरा दहा वर्षांपूर्वीच्या कितीतरी महाग कॅमेऱ्यांपेक्षा बरा आहे.

पुन्हा कलरदिया

ऑक्टोबर २०२४ मध्ये बुसानच्या महोत्सवात 'व्हिलेज रॉकस्टार्स'चा दुसरा भाग पहिल्यांदा दाखवला गेला आणि त्याला तिथला किम जिसोक पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी तो बर्लिनलाही होता. मधल्या वर्षांत रीमा दास यांनी 'बुलबुल कॅन सिंग' आणि 'तोराज हजबंड' हे सिनेमे केले. जगभर नाव झालं होतं, कुठंही जाऊन मोठं काम मिळवता आलं असतं.

त्या पुन्हा त्याच गावात गेल्या. धुनू पुन्हा भनिता दासच. पहिल्या भागात झाडावर चढणारी ती पोर आता तरुण झालेली आहे. तिचं वय वाढवायला मेकअप लागला नाही. तेवढी वर्षं खरोखर गेली होती, आणि त्या वर्षांत कॅमेरा तिच्या दारावरून कधी पार लांब गेलाच नव्हता.